महिन्याला काही नाही ना?

मासिक शुल्काचा कट्टर विरोधक प्रत्येक इमारतीत एक तरी असतोच. तो दिसतो कसा, हे वाचकाला सांगायला नको. मुंबईच्या नायगावात तो विपुल आढळतो. इथल्या 42 बीडीडी चाळी 1920च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. 160 चौरस फुटांची खोली आणि नाममात्र भाडे यांत त्याची जडणघडण झाली. वस्तू एकदा विकत घ्यावी, पुढे तिने आपल्याला विकत घेऊ नये, हा त्याचा सिद्धांत. व्यवहार कोणताही असो, पहिला प्रश्न ठरलेला: "महिन्याला काही नाही ना?"

हा प्रश्न त्याने पाणी गाळायचे यंत्र विकणाऱ्याला विचारला आहे. कवळी बसवताना दाताच्या डॉक्टरला विचारला आहे. मुलाने फ्लॅट घेतल्याचे होणाऱ्या व्याह्यांनी अभिमानाने सांगितले, तेव्हा भर बैठकीत त्यांनाही विचारला आहे. गणपतीची वर्गणी मात्र तो बिनतक्रार देतो, कारण ती वार्षिक असते.

घराला कॅमेरा बसवायचा विषय निघाला की त्याला विशेष तेज चढते. ग्रँट रोडला उतरून तो लॅमिंग्टन रोड गाठतो. रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर राहील आणि पहिला महिना मोफत, असे दुकानदार म्हणाला की हा पायरी उतरतो. पहिला आहे म्हणजे दुसराही आहे. महिना शंभर रुपये धरले तरी पाच वर्षांत सहा हजार होतात, हा हिशेब तो जाता जाता दुकानदाराच्याच कॅल्क्युलेटरवर करून दाखवतो.

त्याची निवड मात्र शास्त्रशुद्ध असते. आधी तो मेमरी कार्डाची खाच बघतो. 1080पी चित्रण अखंड चालू ठेवले तर दिवसाला अंदाजे 10 जीबी जागा लागते. म्हणजे 128 जीबीच्या कार्डात दहा-बारा दिवस मावतात आणि नंतर जुने पुसून त्यावर नवे चढते. केवळ हालचाल झाल्यावर चित्रण करायला सांगितले तर तेच कार्ड कितीतरी जास्त दिवस पुरते. मग तो विचारतो, माणूस दिसल्याची सूचना मोबाइलवर फुकट येते, की तिचेही पैसे? काही कंपन्या नेमकी तीच सोय पैशांसाठी राखून ठेवतात. पुढे अंधारातले चित्र आणि जाड भिंतींतून वायफाय पोचते का, याची तपासणी होते. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना 9 एप्रिल 2025 पासून सुरक्षाचाचणी सक्तीची झाली आहे, तेव्हा तो प्रमाणपत्रही मागतो. ते निरखून वाचतो आणि विचारतो, "याचं महिन्याला काही नाही ना?"

या पद्धतीत एक भोक आहे. चोराने कॅमेराच उचलून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जाते. शेजारच्या कॉलेजकुमाराने ही शंका काढली, तेव्हा उत्तर आले, "नेऊ दे. महिन्याला तर काही जात नाही!" दुसऱ्या दिवशी त्याने कॅमेरा हात पोचणार नाही इतका वर चढवला आणि चित्रण साठवणारा वेगळा रेकॉर्डर कपाटात लपवला. वायफाय त्या कॉलेजकुमाराचेच आहे. त्याचे मासिक बिल कॉलेजकुमाराचे वडील भरतात.

चाळींच्या पुनर्विकासात 500 चौरस फुटांचे घर फुकट मिळणार, या आनंदात भरलेल्या सभेत हाच एकटा उठला आणि त्याने आपला प्रश्न विचारला. सभा खदखदून हसली. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप आणि रखवालदार यांचा खर्च दरमहा येतो. तो कोण भरणार आणि किती वर्षे, हे व्यासपीठावरून कोणी चटकन सांगू शकले नाही. हसणे तिथे थांबले.

मजल्यावरच्या 20 खोल्यांची दारे उघडी असत, तेव्हा बोळात शिरणाऱ्या अनोळखी माणसाला "कोणाकडे?" असे दरडावणारा हाच होता. त्या पहाऱ्याचे पैसे त्याला कोणी दिले नाहीत आणि त्यानेही मागितले नाहीत. आता दारे बंद असतात, म्हणून कॅमेरे लागतात. साधे मेमरी कार्ड सतत लिहून-पुसून लवकर निकामी होते, आणि चोरी झाल्यावरच ते कळते. म्हणून मजल्यावरच्या म्हाताऱ्यांचे कॅमेरे तपासायला तो स्वतः फिरतो, तेही दर महिन्याला. एखाद्या आजी दोन दिवस दाराबाहेर दिसल्या नाहीत, तर कार्ड राहते बाजूला आणि तो आधी डॉक्टरला बोलावतो.

तेव्हा नायगावात कॅमेरा घेणाऱ्याने दुकानात जाताना त्याला सोबत न्यावे. टिकाऊ कार्ड आणि पक्के बिल घ्यायला तो विसरू देणार नाही. दुकानदारासमोर थोडी लाज वाटेल, ती सोसावी.