सलग तिसरा षटकार

आमचा जिल्हा सहकाराचा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना 1950 साली प्रवरानगरला उभा राहिला, आणि 'विना सहकार नाही उद्धार' हे भिंतीवरचं वाक्य वाचत वाचतच आमच्या पिढीनं अक्षरं लावली. त्यामुळे 'आधी संघ, मग मी' हे आमच्या रक्तातच असायला हवं. पण गावच्या सोसायटीच्या तेरा जागांना पन्नास-साठ अर्ज येतात आणि माघारीच्या दिवशी कोण कोणाच्या पाया पडतं, हेही आम्ही लहानपणापासूनच पाहत आलोय. माझ्यावर संस्कार दोन्हींचे झाले. ते एकाच ओव्हरमध्ये वर आले, एवढंच.

संगमनेर तालुक्यातली टेनिस बॉलची स्पर्धा. मैदान म्हणजे गव्हाचं काढलेलं रान, एका बाजूला उभा ऊस. पीच ट्रॅक्टरनं दाबलेलं. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं तरी बॅनरवर अहमदनगरच होतं, कारण बॅनर जुना होता. नुसत्या सालावर नवीन चिठ्ठी डकवली होती. आमचा कॅप्टन माझा थोरला चुलतभाऊ. त्याला सगळे दादा म्हणतात, मीही. टीमच्या टी-शर्टचे पैसे त्याचे, बॉल त्याचे, आम्हाला मैदानावर आणणारा टेम्पोही त्याचाच.

या स्पर्धांमधलं खरं राज्य माईकवाल्याचं असतं. मंडपातून चिठ्ठी येते आणि तो पुकारतो, "या चेंडूवर चौकार मारल्यास एक्कावन्न रुपये! षटकार मारल्यास एकशे एक!" देणाऱ्याचं नाव तीनदा, मारणाऱ्याचं एकदा, तेही चुकीचं. आजवर मी अशी बक्षिसं फक्त ऐकली होती. माझी जागा नवव्या नंबरची, आणि ती सुद्धा टेम्पोत डिझेल भरायला मी कधीतरी वर्गणी दिली होती म्हणून.

त्या दिवशी सेमीफायनल. शेवटची ओव्हर, पंधरा रन हव्यात, दोन विकेट हातात. स्ट्राइकवर मी, समोर दादा. पहिला चेंडू मी डोळे मिटून फिरवला, तो उसात. दुसरा डोळे उघडे ठेवून फिरवला, तोही उसात. पाचट तुडवत तीन फिल्डर आणि एक कुत्रं आत शिरलं. तेवढ्यात मंडपातून चिठ्ठी निघाली. एक भावी जिल्हा परिषद सदस्य (गेली दोन निवडणुका ते भावीच आहेत) यांच्याकडून सलग तिसऱ्या षटकाराला रोख एक हजार एकशे अकरा रुपये!

दादा पीचच्या मध्यावर आला. "चार बॉल, तीन रन. एकेक घे. मी आहे."

मी मान हलवली. मान हलवायला पैसे पडत नाहीत.

पुढचा बॉल वाइड. कीपरच्या हातून निसटून मागे गेला. दादानं "पळ!" म्हणून आरोळी ठोकली आणि सुसाट निघाला. आता हिशेब पाहा. वाइडचा एक मिळालाच होता, पळून आणखी एक झाला असता, उरला असता एक. पण स्ट्राइक गेली असती दादाकडे, आणि वाइड चेंडू मोजत नसल्यामुळे माझी हॅट्ट्रिक अजून जिवंत होती. मी क्रीजमध्ये बॅट रोवून उभा राहिलो. दादा माझ्यापर्यंत आला, माझ्याकडे पाहिलं, मागे वळला. तोवर तिकडच्या बेल्स पडल्या होत्या. माईकवाला म्हणाला, "कॅप्टन धावबाद! पण हॅट्ट्रिक अजून शाबूत!" मंडपातून टाळ्या पडल्या. त्या कशाला होत्या, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटचा गडी म्हणून आमचा नववीतला गोलंदाज आला. पुढचा चेंडू मी सर्व शक्तीनिशी आकाशात पाठवला. तो बराच वेळ वरच होता. खाली आला तेव्हा उसाच्या बांधावर उभ्या असलेल्या फिल्डरच्या पोटात. आम्ही एका रननं हरलो.

टेम्पोत मी मोठ्या मनानं विषय काढला. आपल्याच तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे. डिसेंबर 2020, मेलबर्न. आधीच्या कसोटीत भारत छत्तीसवर गारद झालेला. कर्णधार रहाणे 112 वर, जडेजा 49 वर. जडेजा पन्नासाव्या धावेला पळाला आणि रहाणे धावबाद. तरी रागावला? जाता जाता त्यानं जडेजाची समजूत काढली. जडेजानं पन्नास पूर्ण केले आणि भारत आठ गड्यांनी जिंकला. "मन असं मोठं लागतं, दादा."

दादानं गिअर बदलला. "जडेजा पळाला तरी होता. तू काय केलंस?"

याला उत्तर नव्हतं म्हणून मी दुसरा दाखला दिला. त्याआधी ॲडलेडला रहाणेच्या हाकेवर पळून कोहली 74 वर धावबाद झाला होता. कोहली बाळंतपणासाठी घरी परतला आणि पुढच्या सामन्याला कर्णधार कोण? रहाणेच! मला फक्त क्रिकेटचा इतिहास सांगायचा होता. दादाला त्यात कॅप्टनपदाचा अर्ज दिसला. लोणीच्या फाट्यावर टेम्पो थांबला आणि पुढचा प्रवास मी एसटीनं केला.

घरी चुलती बोलेना. आई म्हणाली, "अकराशे मिळाले असते तर घरात आणले असतेस का?" हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. विचारला असता तर त्याचं उत्तर टीमला आवडलं नसतं आणि आईलाही नाही.

पण एक तक्रार माझीही आहे. 'टीमसाठी खेळा' असं उद्घाटनाच्या भाषणात सगळेच सांगतात. नारळ फुटला की मग माईकवरून टीमसाठी एक रुपया कोणी पुकारत नाही. दादानं त्या दिवशी आधी बावीस एकेरी धावा पळून काढल्या होत्या. त्याचं नाव एकदाही पुकारलं गेलं नाही.

तेव्हा मंडपातल्या तमाम भावी मंडळींना हात जोडून विनंती: येत्या हंगामात चिठ्ठी पाठवाल तेव्हा चोरट्या एकेरी धावेलाही एकवीस रुपये ठेवा. मी पळेन.