शंभरवर चार

फणसवाडीतल्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, कोडवाले काका राहतात. बूम लिफ्ट, सिझर लिफ्ट, फोर्कलिफ्ट अशी माणसं आणि माल वर चढवणारी यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. स्वतः मात्र रोज जिना चढतात. आता ते निवृत्त आहेत, म्हणजे पगार बंद झालाय आणि फोन वाढलेत.

भिवंडीच्या गोदामातून फोन येतो. ‘‘काका, दिवा लागलाय.’’

‘‘दिवा देवापुढे लागतो. आकडे वाच.’’

पलीकडून ‘एसपीएन 100, एफएमआय 1’ ऐकू आलं, की काका हातातला चहा खाली ठेवतात. इंजिनांच्या जे1939 या बोलीत पहिला आकडा दुखणं कुठे ते सांगतो, दुसरा कसलं ते. 100 म्हणजे ऑइलचा दाब. 1 म्हणजे तो धोक्याइतका खाली गेलाय. ‘‘आधी इंजिन बंद कर! मग डिपस्टिक काढ.’’ पण त्याच शंभरवर चार आला, तर चहा हातातच राहतो. 4 म्हणजे सेन्सरच्या सर्किटचं व्होल्टेज पडलंय. ऑइल बहुधा जागच्या जागी असतं. कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं, नाहीतर उंदराने वायर कुरतडलेली असते.

काकांचा हाडवैरी म्हणजे स्पेअरबहाद्दर मेकॅनिक. कोडमध्ये सेन्सरचं नाव दिसलं की तो सेन्सर बदलतो, कोड गेला नाही की हार्नेस बदलतो, मग कंट्रोलर मागवतो. काका त्याला एवढंच विचारतात, ‘‘मीटर लावलास?’’ कंट्रोलरना एकमेकांशी जोडणाऱ्या कॅन बसच्या दोन तारांना दोन्ही टोकांशी 120-120 ओहमचे रेझिस्टर असतात. बॅटरी काढून मोजलं तर 60 यायला हवेत; 120 आले तर एक टोक सुटलंय. बॉशने 1986 मध्ये कॅन जगापुढे मांडलं, तेव्हा काका हेल्परकी करत होते. सांगण्याच्या थाटावरून वाटतं, बॉशने आधी यांनाच दाखवलं असावं.

जुन्या यंत्रांवर पडदा नसे, दिवाच लुकलुके. तीनदा, मग विराम, मग दोनदा, म्हणजे 32. काका व्हिडिओ मागवून मोजतात. मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. गणेशोत्सवात मंडपाच्या तोरणालाही त्यांनी ‘चार-तीन’ असं निदान देऊन इलेक्ट्रिशियनला शिडीवर चढवलं होतं.

घरातही एफएमआय चालूच. नळाचं पाणी 2, म्हणजे अनियमित. जावई 13, कॅलिब्रेशन बिघडलेला. काकू गप्प असल्या की 31. त्याचा अर्थ इतकाच, की स्थिती उद्भवली आहे. कारण आपलं आपण शोधायचं. काकूंनाही आता तक्ता पाठ झालाय. काका गोळी घ्यायला विसरले, की त्या शांतपणे म्हणतात, ‘‘12.’’ म्हणजे उपकरणच खराब.

2025 मध्ये मेट्रो-3 गिरगावात आली, तेव्हा सगळे गाडी बघायला गेले. काका सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी वाकून आकडा दिसतो का ते बघत होते.

चाळीच्या पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरच्या माणसाने टॉवरच्या वेगवान लिफ्टची चित्रं दाखवली. टाळ्या पडल्या. काका उठले. ‘‘कंट्रोलरचा कोड-तक्ता सोसायटीला देणार, की पासवर्ड कंपनीकडेच ठेवणार?’’

‘‘काका, लिफ्टमध्ये इटालियन मार्बल आहे.’’

सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं: एका सभासदाने लिफ्टबाबत शंका विचारली. मार्बल दाखवून तिचे निरसन करण्यात आले.