ताडपत्री पडली, कबुतरं कुठं गेली?

"मंदावहिनी, तुमच्या एसीच्या पेटीमागे पुन्हा अंडी दिसतायत हो."

"दिसायला कशाला हवीत, पहाटेपासून ते घुमणं कानात असतं माझ्या. होळीपासून चालूच आहे. एक पिल्लू उडतंय न उडतंय तोच पुढची दोन अंडी."

"आणि घरटं ते काय! केरसुणीचे चार हीर आणि केबलचा तुकडा."

"झाडाची सवयच नाही त्यांना, शैलावहिनी. मूळची कड्याकपारीतली जात ती. हातभर सपाट जागा मिळाली की झालं. आपल्या दादरला चाळी पाडून टॉवर बांधले, मजल्यामजल्याला छज्जे, डक्ट, एसीच्या पेट्या. नवे कडेच उभे करून दिलेत की आपण."

"आणि वर रेशन."

"खरं दुखणं तेच आहे. चिमणीला पिल्लांसाठी अळ्या शोधत फिरावं लागतं. हे पक्षी गळ्यातल्या पिशवीतच दुधासारखं काहीतरी तयार करून पिल्लांना भरवतात. दाणा मिळाला की बारा महिने संसार. आणि ते दूध नर-मादी दोघंही देतात बरं का."

"नरसुद्धा? आमच्या ह्यांना ऐकवते आज."

"ऐकवाच. बरं, सी विंगच्या गच्चीवर सकाळी पिशवी घेऊन कोण जातं, ठाऊक आहे ना?"

"हळू बोला! सेक्रेटरींनी नोटीस लावली, तर दुसऱ्या दिवशी नोटिशीखालीच ज्वारी सांडलेली. आपल्या दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, तेव्हापासून हे वाढलंय असं मला वाटतं."

"वाटणारच. २०२५ च्या जुलैत सरकारनं विधान परिषदेत सांगितलं, मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करा. मग हायकोर्टानं दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितलं. ऑगस्टात पालिकेनं ताडपत्री घातली, आणि चिडलेल्या लोकांनी ती फाडली. आता त्यांनाही मी सरसकट नावं ठेवणार नाही. कबुतरखान्याची ती जागा १९३३ सालची, हेरिटेज यादीतली. आजोबांपासून चालत आलेलं जीवदयेचं काम एका नोटिशीनं कसं सुटेल? पण आपल्या बी विंगमधल्या आजोबांचा खोकला काही केल्या थांबेना, तेव्हा फुप्फुसाच्या डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं? घराजवळ कबुतरं आहेत का? शिटेची धूळ, पिसांची भुकटी वर्षानुवर्षं नाकात गेली की काहींची फुप्फुसं कायमची आक्रसतात म्हणे."

"पण नंतर पालिकेनं दुसऱ्या जागा दिल्या ना?"

"दिल्या ना. वरळीचा जलाशय, अंधेरीला लोखंडवालाच्या मागे, ऐरोली-मुलुंड नाका आणि गोराईचं मैदान. वेळ ठेवली सकाळी सात ते नऊ. आता मला सांगा, दादरच्या कबुतराला ऐरोली नाक्याचा पत्ता कोण देणार?"

"उडत जाईल की. पूर्वी निरोप नाही का न्यायची कबुतरं?"

"ती पाळलेली, शिकवलेली. माझी भाची बासलला असते, स्वित्झर्लंडमध्ये. तिथं रस्त्यावरच्या कबुतरांच्या पाठीवर जीपीएस बांधून पाहिलं होतं. जवळजवळ एक तृतीयांश कबुतरं घरापासून तीनशे मीटरच्या आतच घोटाळत होती. दोन किलोमीटरपलीकडे जाणारी शंभरात सात-आठ. सगळ्यात लांबचा पल्ला साडेपाच किलोमीटरसुद्धा नाही."

"म्हणजे आपली फार तर माटुंग्याला जातील."

"कुणी धाडसी निघालं तर वरळीला. शिवाय ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. बासलची काही चौकातच चरायची, काही शेतात जायची, काही नेमकी बंदरावर आणि रुळांकडे, जिथं धान्य सांडतं तिथं. आमचे हे वाशीच्या धान्य बाजारात होते ना, सांगायचे, पोतं फाटलं की माणसांच्या आधी कबुतरं हजर."

"मग एकदाची धरून मारून का नाही टाकत? आमचे दीर हेच म्हणतात."

"बासलनं तेही करून पाहिलं. १९६१ ते १९८५ मध्ये लाखभर कबुतरं मारली. तरी शहरात वीसेक हजार होतीच! एक मेलं की त्याच्या जागेवर दुसरं येतं, दाणे तर तेवढेच असतात. मग १९८८ पासून त्यांनी माणसांना धरलं. पत्रकं, पोस्टर्स, सगळीकडे एकच सांगणं, तुम्ही दाणे घालता म्हणून गर्दी होते, आणि गर्दीत त्यांचीच पिल्लं रोगानं मरतात. सोबत खुराडी बांधून त्यातली अंडी काढून घ्यायची. चारेक वर्षांत कबुतरं निम्म्यावर आली."

"आपल्याकडे ऐकतील? दाणे घालणं म्हणजे पुण्य मानतात."

"दंडानं नाही ऐकणार. दंडाला भिऊन माणूस रस्त्यावरून गच्चीवर जातो, एवढंच होतं."

"मी म्हणते जाळीच लावून टाकावी. रविवारी जाळीवाला येतोय माझ्याकडे."

"लावा. तुमच्याकडची सगळी माझ्या गॅलरीत येतील."

"मग तुम्हीही लावा, दोघींचं मिळून स्वस्तात करेल."

"आणि मग आपली दोघींची खालच्या कुलकर्ण्यांकडे. जाळी लावूच, पण आधी सी विंगमध्ये जाऊन त्यांच्याशी नीट बोलायला हवं. तुम्ही चला."

"मी? अहो, त्यांच्याकडे माझं हळदीकुंकवाचं जाणं-येणं आहे!"

"म्हणूनच तर तुम्ही."