न बांधलेले पत्रे

वेधशाळेवरचे विनोद आता बंद करा. पाऊस सांगितला की पापड वाळत घाला, ऊन सांगितलं की छत्री घ्या, हे आपण आजोबांच्या काळापासून म्हणतोय आणि दर वेळी तितक्याच जोरात हसतोय. पेण-रोह्याच्या माणसाने तरी यावर हसू नये. 3 जून 2020 नंतर तर नाहीच.

त्या तीन दिवसांचा हिशेब पुन्हा मांडू. 1 जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं. भारतीय हवामान विभागाने त्याच दिवशी सांगितलं, की याचं चक्रीवादळ होईल आणि ते 3 तारखेला हरिहरेश्वर ते दमण यांच्यामध्ये कुठेतरी किनारा ओलांडेल. 2 जूनला वादळ तयार झालं, बांगलादेशाने सुचवलेलं ‘निसर्ग’ हे नाव त्याला मिळालं, आणि अंदाज आवळत आवळत अलिबागच्या आसपास, 3 जूनची दुपार, इथवर आला. 3 जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला, मुरूडच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर, झोत त्याहून मोठे. जागा बरोबर, दिवस बरोबर, वेळ बरोबर. कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन जेमतेम दोन दिवस झालेले असताना.

याला चुकलेला अंदाज म्हणत असाल तर बरोबर अंदाज कसा असतो, ते सांगा.

त्या दिवसांच्या बुलेटिनांमध्ये एक यादी होती. कच्च्या घरांची मोठी हानी होईल, विजेच्या आणि फोनच्या तारा तुटतील, मोठी झाडं उन्मळतील, केळी-पपई आडव्या होतील, बांधांना आणि मिठागरांना धोका आहे. त्यात एक बारीकसं वाक्य असंही होतं, की न बांधलेले पत्रे उडू शकतात. ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचतो. पुढच्या काही तासांत रायगड जिल्ह्यात जे घडलं ते जवळजवळ त्याच क्रमाने तिथे लिहिलेलं होतं. श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्यांमधली नारळी-पोफळी झोपली, विजेचे खांब रांगेने वाकले, दक्षिण रायगडातली कित्येक गावं पुढचे काही आठवडे अंधारात राहिली. आणि पत्रे उडाले.

पेणमध्ये पत्रा उडणं म्हणजे काय, हे पेणकरांना वेगळं सांगायला नको. गणपतीचा कारखाना म्हणजे बहुतेक ठिकाणी लोखंडी नाहीतर बांबूचा सांगाडा, वर पत्रे, बाजूला ताडपत्री. जूनच्या पहिल्या आठवड्यात हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात मूर्ती भरून ठेवलेल्या असतात. काही वाळत, काही रंगाची वाट बघत. त्या वर्षी चतुर्थी 22 ऑगस्टला होती. आधीच लॉकडाऊन, मुंबईच्या मंडळांच्या ऑर्डरींचा पत्ता नाही, आणि त्यात डोक्यावरचं छप्पर गेलं. शाडूच्या कच्च्या मूर्तीवर पाऊस पडला की रंग खराब होतो असं नाही, मूर्तीच उरत नाही. वर्षभराचं भांडवल मातीला मिळतं, अक्षरशः.

आता माझा प्रश्न. ‘न बांधलेले पत्रे उडू शकतात’ हे वाक्य दिल्लीहून निघालं. ते हमरापूरच्या कारखानदाराच्या कानावर कोणत्या भाषेत पडलं? किती तास आधी? पडलं असेल तर पत्रा बांधायला हूक, तार, माणूस हे त्याच्या हाताशी होतं का? समुद्राचं गणित करणाऱ्या माणसांनी त्यांचं काम केलं. उरलेलं काम कोणाचं होतं? किनाऱ्यावरून हजारो लोकांना हलवलं गेलं, ते उत्तम झालं, त्याबद्दल प्रशासनाचं कौतुकच आहे. पण किनारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येतं. वादळ जिथे लागलं तिथून रोहा सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. पुढे ते ईशान्येला, आतल्या तालुक्यांवरूनच गेलं. रोह्यातला माणूस समुद्र बघत नाही म्हणून समुद्राचं वादळ त्याला चुकवून जात नाही.

हे शास्त्रज्ञ करतात तरी काय, हे समजून घ्यायला कोकणातल्या माणसाइतका तयार माणूस दुसरा नाही. आपल्याकडे कोळ्याच्या पोराला सुद्धा येणारं एक गणित आहे. तिथीचा आकडा पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. घड्याळ थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढायला तेवढं पुरतं. हे समुद्राचं मॉडेलच आहे. चंद्राची स्थिती घातली, पाण्याची वेळ मिळाली. त्यावर पिढ्यान् पिढ्या माणसांनी जीव टाकला आणि कोणी त्याची टिंगल केली नाही.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. हैदराबादला समुद्राची माहिती आणि इशारे देणारं राष्ट्रीय केंद्र, इन्कॉईस, आहे. तिथली माणसं हेच गणित करतात, फक्त चंद्राबरोबर वारा, दाब, बाष्प आणि समुद्राची उष्णता घालून. पृथ्वीभर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत पुढच्या काही मिनिटांनी काय होईल ते सोडवत पुढे जायचं. निसर्ग आलं तेव्हा आपल्या जागतिक मॉडेलची चौकट 12 किलोमीटरची होती. पेण आणि रोहा यांच्यात हवाई अंतर साधारण 33 किलोमीटर. म्हणजे दोन गावांमध्ये जेमतेम तीन चौकटी. मे 2025 पासून ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ आली, चौकट 6 किलोमीटरवर आली. पाषाणच्याच संस्थेत ‘अर्का’ हा महासंगणक 2024 मध्ये त्यासाठी उभा राहिला. पुण्याला जाताना आपण चाकण-हिंजवडीच्या कंपन्या कौतुकाने दाखवतो. पोरांना ही संस्थाही दाखवा.

खरी मेख समुद्राच्या पोटात आहे. पृष्ठभागाचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर गेलं की वादळाला खाद्य मिळतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण वादळ चालताना पायाखालचं पाणी घुसळतं आणि खालचं गार पाणी वर आणतं. गरम थर पातळ असेल तर वादळ स्वतःच स्वतःचा जाळ विझवतं. थर खोल असेल तर ते माजतं. म्हणून नुसतं वरचं तापमान बघून चालत नाही, थराची खोली हवी. त्यासाठी जगभरच्या समुद्रांत आर्गो नावाचे हजारो तरंगते सोडलेले आहेत. ते दोन हजार मीटर खाली जातात, वर येताना तापमान आणि खारटपणा मोजतात, उपग्रहाला आकडे देतात आणि पुन्हा बुडी मारतात. साधारण दर दहा दिवसांनी एक बुडी. वादळाने किती जोर धरायचा, हा प्रश्न वाऱ्याच्या जोडीने या आकड्यांवरही सुटतो.

आणि अरबी समुद्र तापतोय. पाषाणच्याच मेधा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1982 ते 2019 ची वादळं तपासली. शेवटच्या दोन दशकांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळं 150 टक्क्यांनी. बंगालच्या उपसागरात मात्र किंचित घटच. टक्केवारी वाचताना एक लक्षात ठेवा, की अरबी समुद्रात वादळं मुळात कमी, त्यामुळे दोनचार वादळं वाढली तरी टक्का उडी मारतो. तरीही दिशा स्पष्ट आहे. त्याच गटातले रॉक्सी मॅथ्यू कोल हे कित्येक वर्षं सांगत आले आहेत, की हा समुद्र आता पूर्वीचा राहिला नाही. ‘आमच्याकडे वादळ येत नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी 2009 चं फयान आठवावं, 2020 चं निसर्ग आठवावं, 2021 चं तौक्ते आठवावं.

तौक्तेचं नाव निघालंच आहे तर तेही बोलू. इशारे दिवस-दिवस आधी येत होते. मासेमारीच्या होड्या परत बोलावल्या गेल्या. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात 261 माणसं घेऊन उभी असलेली पी-305 ही बार्ज मात्र समुद्रातच राहिली आणि 17 मेला बुडाली. सत्तरहून अधिक माणसं गेली. लहान होडीचा तांडेल बुलेटिन ऐकून बंदरात येतो आणि इतकी मोठी यंत्रणा येत नाही, याचा मला आजही संताप येतो.

आपल्याला खऱ्या अंदाजापेक्षा खोटी गोष्ट लवकर पटते, हेही एक दुखणं. निसर्गच्या वेळी मोबाइलवर फिरत होतं, की 1882 मध्ये मुंबईत महाचक्रीवादळ आलं आणि लाखभर माणसं मेली. असं वादळ झालंच नव्हतं. कोलंबिया विद्यापीठाचे अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्याबरोबर पाषाणचे पार्थसारथी मुखोपाध्याय, एम. महाकूर यांनी 2019 च्या शोधनिबंधात मुंबईचा वादळधोका मोजला आणि जाता जाता हा 1882 चा प्रवादही निकालात काढला. मुंबईच्या नोंदी थोड्या, थेट बसलेली मोठी वादळं त्याहून थोडी. म्हणून या लोकांनी संगणकात हजारो वादळं जन्माला घातली, खऱ्या समुद्राच्या आणि हवेच्या नियमांनी चालणारी, आणि त्यातली किती मुंबईवर येतात ते पाहिलं. धोका कमी आहे, पण शून्य नाही, असं उत्तर आलं. न झालेल्या वादळाची भीती पसरवायला एक बोट पुरतं. होऊ शकणाऱ्या वादळाचा अंदाज बांधायला आयुष्य जातं.

तसाच गैरसमज वादळाच्या नकाशावरच्या शंकूचा. 2023 च्या जूनमध्ये बिपरजॉय अरबी समुद्रात दहा दिवस रेंगाळलं. सुरुवातीला वेगवेगळ्या मॉडेलांचे मार्ग वेगवेगळे होते. शास्त्रज्ञ म्हणूनच एक रेघ न देता शंकू देतात: वादळ यात कुठेही असू शकतं, आणि जितकं लांबचं बघाल तितका शंकू रुंद. आपण शंकू टाकून मधली रेघ उचलतो, वाहिन्या ती आपल्या गावावर आणून ठेवतात, आणि वादळ 15 जूनला गुजरातेत जखाऊजवळ गेलं की आपण पुन्हा वेधशाळेला हसतो. आपला अंदाज किती चुकू शकतो हे त्याच्याबरोबरच लिहून देणारा दुसरा धंदा मला दाखवा.

आता पेणच्या खारेपाटाकडे या. वाशी, वढाव, दादर, रावे. ही भातशेती समुद्राच्या पातळीशी हातघाईवर उभी आहे आणि मध्ये आहे तो मातीचा बांध. उधाणाला बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन पुढची काही वर्षं पिकत नाही. 3 जून 2020 ला सकाळी द्वादशी संपून त्रयोदशी लागली होती, वटपौर्णिमा दोन दिवसांवर. म्हणजे उधाण चढतं. वादळामुळे भरतीच्या पातळीवर आणखी एक ते दोन मीटर पाणी चढू शकतं, असा इशारा होता. किनाऱ्यावर पूर्ण भरती सकाळी दहाच्या सुमारास झाली आणि वादळ लागलं साडेबारानंतर. ओहोटी चांगली लागलेली असताना. हेच वादळ तीन तास आधी किंवा पौर्णिमेच्या भरदुपारी आलं असतं तर धरमतरच्या खाडीत आणि कुंडलिकेत पाणी कुठवर चढलं असतं, याचं उत्तर पाऊणपटीच्या गणितात नाही, कारण त्या गणिताला वारा कळत नाही. ते उत्तर वादळाने चढवलेल्या पाण्याच्या मॉडेलमध्ये आहे. दिल्लीच्या आयआयटीत त्यावर कित्येक वर्षं काम झालं, इन्कॉईस असं मॉडेल प्रत्यक्ष इशाऱ्यांसाठी चालवतं.

त्यांचा आकडा मीटरमध्ये येतो. आपल्या बांधाची उंची आपण मीटरमध्ये मोजून ठेवली आहे का? गावोगावच्या बाहेरकाठ्यावर, म्हणजे खाडीकडच्या बांधावर, पाणी सोडायच्या उघाडीशेजारी, एक मोजपट्टी रंगवायला किती खर्च येतो? नेहमीची उधाणरेषा कुठे, बांधाचा माथा कुठे, आणि मधे किती हात शिल्लक, एवढं लिहिलं की बुलेटिनमधला ‘दीड मीटर’ हा शब्द वढावच्या शेतकऱ्याला त्याच्या डोळ्यांनी दिसेल. खारभूमी खात्याकडे अभियंते आहेत, ग्रामपंचायतीकडे रंग आणि ब्रश आहे.

आणि पेणच्या कारखान्यांसाठी मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक फेरी काढा. तालुक्याचा एक माणूस, वेल्डिंगवाला एक. प्रत्येक शेडचा पत्रा हलवून बघायचा, सैल असेल तिथे हूक नि पट्टी मारायची, आणि शेडवाल्याचा नंबर त्या यादीत घ्यायचा, जिच्यावर वादळाचा इशारा मराठीत, तालुक्याच्या नावानिशी, आदल्या दिवशी जाईल. पैसे कुठून आणायचे असं कोणी विचारलं तर निसर्गनंतर रायगडसाठी तातडीची मदत म्हणून 100 कोटी जाहीर झाले होते, एवढं त्याला सांगा.