रिक्षावाले काका आणि आपण

शाळा सुटायच्या वेळी कुठल्याही शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहा. दप्तर आईच्या खांद्यावर जातं न जातं तोच प्रश्न येतो, "आज काय झालं शाळेत?" आणि पहिलीपासून दहावीपर्यंतच्या तमाम मुलांनी जणू ठराव पास करून घेतलेलं उत्तर मिळतं, "काही नाही." सात तास झाले, मधली सुट्टी झाली, खेळाच्या तासाला कुणाचा तरी गुडघा फुटला, पण झालं काही नाही. पालक हार मानत नाहीत. डबा संपवलास? हो. बाई काय म्हणाल्या? काही नाही. कुणी त्रास दिला? नाही. वकिलानं पढवून आणलेला साक्षीदारसुद्धा इतका पक्का नसतो. अर्थात, संध्याकाळी ऑफिसातून आलेल्या माणसाला दारातच "काय झालं आज?" असं विचारलं, तर तो तरी काय मोठं व्याख्यान देतो?

गंमत म्हणजे, ज्या शाळेत काहीच होत नाही, त्या शाळेची खडान्‌खडा माहिती रिक्षावाल्या काकांना असते. आमच्या काकांची रिक्षा म्हणजे बाहेर लटकलेली दप्तरं, पायाशी गडगडणाऱ्या पाण्याच्या बाटल्या आणि आत सगळ्यांचं एकाच वेळी बोलणं. एकदा धाकटीला सोडताना ते मला हळूच म्हणाले, "ताई, उद्या डब्यात लाडू जास्तीचा द्या. हिची आणि त्या शेजारच्या बाकावरच्या मुलीची कट्टी झालीय. लाडवावर मिटेल." मिटली. पालकसभेत दहा मिनिटांच्या वेळेत "अभ्यासात बरी आहे, पण जरा अबोल आहे" एवढंच ऐकून आलेली मी, काकांचं हे निदान ऐकून थक्क झाले. अबोल? ही?

काकांची पद्धत मी मग जरा बारकाईनं पाहिली. पद्धत अशी काही नाहीच. ते विचारत नाहीत. त्यांची नजर रस्त्यावर असते, मुलांकडे पाठ असते, आणि मध्येच "हां, मग?" एवढंच म्हणतात, तेही बहुधा समोरच्या टेम्पोला शिव्या देण्याच्या अधेमधे. चेहऱ्यावर डोळे रोखलेले नसले की मुलं बोलतात. म्हणूनच त्यांना स्कूटरवर मागे बसल्यावर कंठ फुटतो, नाहीतर रात्री दिवा मालवल्यावर. नेमक्या त्या वेळी आपल्याला झोप आलेली असते, हा भाग वेगळा.

आमच्याकडे बातम्या फुटतात मटार सोलताना. एका हिवाळ्यात धाकटीचं दर थोड्या दिवसांनी सकाळी पोट दुखायचं. ओवा झाला, हिंग झालं, आजीनं दृष्ट काढून झाली. पोट दुपारपर्यंत आपोआप बरं व्हायचं. शेवटी एका संध्याकाळी शेंग फोडता फोडता ती म्हणाली, "आई, आमच्या वर्गात एकजण रडला."

"हं."

"फळ्यावर वजाबाकी करायला बोलावलं. हातचा घ्यायचा राहिला. सगळे हसले."

"हं."

बराच वेळ मटारच. मग, "एकजण म्हणजे मी."

आता या जागी जीभ आवरणं हे घरातलं सर्वांत अवघड काम. "मग तू बाईंना का नाही सांगितलंस?", "हसले तर हसले, त्यात काय रडायचं?", "म्हणून म्हणते रोज दहा गणितं सोडव!" ही तिन्ही वाक्यं एका दमात ओठांवर येतात, आणि त्यातलं एकही बाहेर पडलं तर पुढच्या मटारापर्यंत दुकान बंद. पोटदुखीचं वेळापत्रक आणि गणिताच्या तासांचं वेळापत्रक शेजारी ठेवलं तेव्हा निदान झालं. तिच्या बाईंना मी तेवढं सांगितलं. त्यांनी भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून फळ्याशी एकाला बोलवण्याऐवजी तिघांना एकदम बोलवायला लागल्या. तिघं मिळून चुकतात, तिघं मिळून पुसतात. हसायला एकटं कुणी सापडत नाही. पोट थांबलं. हातचा अजून अधूनमधून राहतो, तो राहू दे.

आमच्या पिढीला छडीची कौतुकं फार. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यानं शाळेत मारायला बंदी केली आणि मानसिक छळालाही केली, ते उत्तमच झालं. पण चाळीस मुलांच्या फिदीफिदी हसण्याला कलम लागत नाही. तिथे अशा एखाद्या बाईच लागतात.

मूल बोलत नाही, शाळेत रमत नाही, अशी तक्रार आली की आपण मुलाला आपल्या टेबलाशी बोलावतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मात्र उलटं केलं. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. मुलांत खोट काढत बसण्याऐवजी या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झालं. तिथे गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळा थेट कुरणात गेली. कुरणशाळाच म्हणत तिला. पद्मभूषण आणि पद्मश्री मिळवणाऱ्या या बायकांनी केलं काय, तर मूल जिथे होतं तिथे जाऊन बसल्या. आपलं मूल तर फार लांबही नसतं. स्कूटरच्या मागच्या सीटवर, नाहीतर मटाराच्या परातीपलीकडे असतं.

तेव्हा मुख्याध्यापकांना एक विनंती. पुढच्या पालकसभेला रिक्षावाल्या काकांनाही बोलवा आणि त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची द्या. प्रगतिपुस्तकात नसलेलं बरंच काही ते सांगतील. आणि पालकांनी त्यांना उलटसुलट प्रश्न विचारू नयेत, नाहीतर तेही म्हणतील, "काही नाही."