एक जूनची लेकरं

31 मे हा दिवस हारवाल्यांच्या पंचांगात फार मोठा. त्या दिवशी महाराष्ट्रात गावोगावचे गुरुजी घाऊक भावाने निवृत्त होतात, कारण त्यांतल्या बहुतेकांचा जन्म 1 जूनचा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचं निवृत्तीचं वय 58, आणि पहिल्या तारखेला जन्मलेल्याने आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी जायचं, असा सरकारी नियम.

इतक्या आयांना एकाच दिवशी कळा कशा आल्या, याचं उत्तर शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे. बाप पोराला बखोटीला धरून आणायचा. गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप म्हणायचा, "त्या मोठ्या पावसाच्या साली, भुईमूग काढायला आला तेव्हाचा बघा." मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला, की पोरगं शाळेला लागलं. शाळा जूनमध्ये उघडायची आणि वय तोवर पुरं भरायला हवं, म्हणून गुरुजी टाक बुडवून लिहायचे, 1 जून. ज्या घरात वाढदिवस नावाची भानगडच नव्हती, तिथल्या पोराला तो असा पहिल्याच दिवशी फुकटात मिळाला. बाप "बरं" म्हणाला आणि शेतावर गेला. आभारबिभार काही नाहीत. त्या पोरांतली बरीचशी पुढे स्वतःच गुरुजी झाली, आणि जुन्या गुरुजींनी दिलेल्या तारखेनेच त्यांना एक दिवस घरी बसवलं.

आभारांची सगळी थकबाकी मग निरोप समारंभात एकरकमी चुकती होते. शाल, श्रीफळ, सफारीचं कापड, वहिनींना साडी. केंद्रप्रमुख म्हणतात, "सर निवृत्त होताहेत असं वाटतच नाही." सरांना मात्र सकाळपासून तेच वाटत असतं. शाल पांघरली जाते ती ऐन मे महिन्यात, पत्र्याच्या मंडपाखाली, आणि सत्कारमूर्तीला घाम पुसायचीही सोय नसते. लोक त्याला डोळे पाणावले म्हणतात. गंमत म्हणजे, ज्यांच्यासाठी हयात घालवली ती पोरं नेमकी उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला गेलेली. मग आभारप्रदर्शन. मंडपवाला, माईकवाला, दोन सरपंच, एक आजी आणि एक माजी. शेवटी "अनवधानाने कोणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व". राहिलेलं नाव हटकून खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं असतं. त्या मागच्या खोलीत पाहुण्यांची जिलेबी मोजत असतात आणि चारच जिलेब्या पदराआड बाजूला काढून ठेवतात, ज्यांच्या घरी सुट्टीतही चूल उशिरा पेटते त्या पोरांसाठी.

दहावीचा निरोप फेब्रुवारीतला, परीक्षेच्या तोंडावर. वर्गणी निघते, कोणी किती दिली यावर रुसवेफुगवे होतात, आणि शाळेला भेट काय द्यायची यावर तावातावाने चर्चा होऊन दरवर्षी भिंतीवरचं घड्याळच ठरतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत अशा बॅचा ओळीने टांगलेल्या असतात. प्रत्येक बॅचची वेळ वेगळी. काही दहा-दहाला थांबल्यात, काही अजून पळताहेत. शिपाईमामा घंटा देतात ती स्वतःच्या मनगटाकडे बघून.

या घड्याळांवर देणाऱ्यांची नावं असतात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाला आपण कुठेतरी होतो असं वाटावंसं वाटतं. पण आपल्याकडे शाळेला देण्याची जी मोठी रीत आहे, तिच्यात नाव लिहायला जागाच नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. त्यांचा मुष्टिफंड असा, की घराघरातून मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते या मुलांच्या पोटी जायचं. वसतिगृहातलं धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने काढून दिले, शेवटी मंगळसूत्रही. आता त्या मुठीतल्या ज्वारीवर नाव कुठे रंगवणार? ती भाकरी खाऊन शिकलेल्या पोराला आभार मानायलाही कोणी धड सापडणार नव्हतं. कोणत्या गावची, कोणाची मूठ, काय ठाऊक! त्यामुळे त्याच्यापुढे एकच वाट उरली, मागे फेडता येत नाही तर पुढच्याला द्यायचं. माझ्या मते शाळा चालतात त्या या अडचणीवरच. मावशींच्या चार जिलेब्या याच खात्यावर जमा होतात.

हल्ली पोरं जन्मदाखला घेऊन येतात. गुरुजींना कान धरायला लावावे लागत नाहीत, वाढदिवसही वर्षभर नीट विखुरलेले असतात. थोड्या वर्षांत 31 मेची ती घाऊक निवृत्ती संपेल. जूनच्या मध्याला शाळा उघडेल, पहिलीतलं पोरगं नव्या पुस्तकाचा वास घेत नव्या बाईंचा पदर धरून रडेल, आणि बाई त्याला कडेवर घेऊन हजेरी घेतील. तेही कोणी लिहून ठेवणार नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्याला येणाऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं. गुरुजींचं ऋण फेडायचंच असेल, तर भाषणाआधी जरा शाळेच्या मागे जाऊन पाण्याच्या टाकीची तोटी बघून या. ती गळत असेल. नवी बसवा, नाव टाकू नका, आणि मावशींना विचारून या की अजून काय हवंय. घड्याळ नकोय, एवढं मी त्यांच्या वतीने सांगतो.