गोधडीसह गेटवे

उंद्रीहून निघताना आईनं स्वेटर, मफलर आणि वरून गोधडीही कोंबली. डिसेंबर लागला ना! आमच्याकडे पहाटे शेकोटीजवळच्या जागेवरून भांडणं होतात. मलकापूरला गाडीत बसताना दात वाजत होते. सकाळी दादरला उतरलो तर बनियन पाठीला चिकटलेलं. शेजारी एक मुंबईकर मात्र कानटोपी घालून, ‘काय गारठलंय हो!’ म्हणत कटिंग फुंकत होता. मी मान डोलावली. परक्या गावात वाद घालू नये.

मग गेटवे. पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ला इथं उतरला, त्याची ही आठवण. पण त्याला दाखवायला तेव्हा कमानीचा नुसता पुठ्ठ्याचा नमुना होता. पायाभरणी १९१३ची, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४चं. पाहुणा गेल्यावर तेरा वर्षांनी मांडव उभा! (सरकारी कामाची ही चाल आपली नव्हे, साहेबाचीच म्हणायची.) २८ फेब्रुवारी १९४८ला शेवटची गोरी पलटण मात्र याच दारातून परत गेली, तेव्हा दार अगदी वेळेवर तयार होतं.

फोटोवाला ओरडला, “काका, ती गोधडी बाजूला ठेवा, ताज झाकला जातोय!”